टोपण उघडण्याआधी

किशोरी घरतच्या हातात नळीचं टोपण आलं की डायलिसिसच्या खोलीतला पंखा बंद व्हायचा, दार लागायचं आणि सगळ्यांची तोंडं मिटायची. मिटायची म्हणजे मिटवली जायची. एकदा हॉस्पिटलचे मालक दोन पाहुण्यांना मशीनं दाखवायला घेऊन आले. "ही आमची सात मशीनं," एवढंच ते बोलले, आणि किशोरीने मास्कच्या वरून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाहुण्यांसकट बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले. पगार देणाऱ्याला जिन्यात उभं करणारी बाई तेव्हा पनवेलमध्ये एकच असावी. मालक चांगले होते म्हणून निभावलं.

हॉस्पिटल तसं लहानच. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, खाली गादीवाल्याचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसची खोली. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा येऊन चार-चार तास तिथे पडून राहायची. शरीरातलं रक्त नळीतून बाहेर यायचं, मशीनमधून धुऊन निघायचं आणि परत आत जायचं. अंगातलं सगळं रक्त चार तासांत दहा-बारा वेळा बाहेरचं जग बघून घरी परततं, हे किशोरीला शिकताना सांगितलं होतं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. नोकरीला नऊ वर्षं झाली तरी तो पुरता बसला होता असं नाही. मशीन सुरू झालं की ती अजून क्षणभर थांबून त्या लाल नळीकडे बघायची. बाकीच्या नर्सना त्यात बघण्यासारखं काही वाटत नसे.

ज्यांच्या हाताची शीर अजून तयार झालेली नसे त्यांच्या मानेत नळी घालावी लागे. तिला कॅथेटर म्हणतात. तिचं एक टोक मानेबाहेर लोंबतं, त्याला दोन तोंडं, दोन टोपणं. दुसरं टोक आत थेट हृदयाच्या दारापर्यंत पोचलेलं. किशोरीची सगळी अडचण तिथेच होती. हृदयाच्या दारापर्यंत गेलेला रस्ता आणि त्यावर पहारा कुणाचा, तर बोराएवढ्या प्लॅस्टिकच्या टोपणाचा. नखाखालचा, नाकातला, बोलताना उडालेल्या थुंकीतला एखादा जंतू त्या उघड्या तोंडाशी पोचला तर त्याला अडवणारं पुढे कुणीच नाही.

हे तिला आधी ठाऊक नव्हतं. ती उरणकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. अलिबागला नर्सिंग शिकली, लग्न होऊन नवीन पनवेलला आली आणि इथे लागली. सुरुवातीची वर्षं कॅथेटर म्हटलं की ताप आलाच, असा सगळ्यांचा समज होता. माणूस हुडहुडायला लागला की अंगावर दोन ब्लँकेटं टाकायची आणि इंजेक्शन द्यायचं. पाऊस पडला की चिखल होतो तसं ते सगळ्यांनी धरून ठेवलेलं. त्या दिवसांत काळूराम नावाचा मोऱ्याच्या धक्क्यावरचा तांडेल डायलिसिसला यायचा. जन्मभर लाँच चालवलेला, गप्पिष्ट माणूस. किशोरी टोपण उघडायची तेव्हा तो नेमका भाऊच्या धक्क्यावरच्या कुणाची तरी नक्कल करायचा आणि ती, तोंडाला मास्क नाही काही नाही, त्या नळीवर वाकून खो खो हसायची. तिसऱ्या आठवड्यात काळूरामचे दात वाजायला लागले. आठ दिवसांनी तो गेला. कुणी किशोरीला दोष दिला नाही. त्याच्या बायकोने तर जाताना तिच्या हातात वाळवलेल्या सोड्यांची पुडी ठेवली.

पुढच्या वर्षी डॉक्टर रिया सबनीस वाशीहून आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. तरुण होत्या, पण स्वभावाने करड्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की हा ताप नशिबाने येत नाही, आपल्या हातांनी येतो. टोपण काढलं की नळीचं तोंड जंतुनाशकाने पंधरा सेकंद घासायचं, मग पुरतं वाळू द्यायचं, मगच जोडायचं. दोघांच्या तोंडाला मास्क. ड्रेसिंग कोरडं. बस, एवढंच. बैठक संपल्यावर किशोरी मागे राहिली आणि तिने विचारलं, "मग काळूरामकाकांचं माझ्या हातून झालं का?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

हो म्हणाल्या असत्या तर किशोरी रडून मोकळी झाली असती. नाही म्हणाल्या असत्या तर विसरली असती. त्या दोन्हींपैकी काही झालं नाही आणि ती बदलली. पंखा बंद करणं, दार लावणं, सगळ्यांना गप्प बसवणं ही तिची स्वतःची भर. डॉक्टरांनी मास्क सांगितला होता, हिने मौनच लावून टाकलं. घरी भाकरी थापायच्या आधी ती इतका वेळ हात धुवायची की तिचा नवरा निकेश विचारायचा, "भाकरी करतेस की ऑपरेशन?" पण वर्षभरात खोलीतला ताप ओसरला. आधी महिन्याला चार-पाच जण हुडहुडायचे. मग एखादाच. मग सलग नऊ महिने कुणीही नाही. डॉक्टर सबनीस वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात हे सांगायच्या तेव्हा तिथल्यांना ते खरं वाटत नसे.

आता हे सगळं ऐकून किशोरीची आरती ओवाळावी असं वाटेल, तर थांबा. बाईची जीभ तिखट होती. कुणी डोक्यावरून आंघोळ करून ड्रेसिंग भिजवून आलं की ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं झाडायची. कामोठ्याचा एक रिक्षावाला, पन्नाशीचा बाप्या, तिच्या बोलण्याने रडला होता. ती त्याच्या जिवासाठीच बोलत होती हे खरं; पण तो रडला हेही खरं. पेशंट तिला देव मानायचे आणि जिन्यातून वर येताना एकमेकांना विचारायचे, आज सिस्टरचा मूड कसा आहे. हे तिच्या कानावर आलं होतं. तिला त्याचा, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानच वाटायचा.

अशात, दोन हजार अकराच्या जानेवारीत, करंजाड्याची हौसाबाई आली.

हौसाबाई धवलारीन होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी हिचा मान. मांडव पडल्यापासून वरात निघेपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारीन धवले गात लावून देते. कुठली सुपारी कुठे ठेवायची, नवरीच्या कपाळाला आधी कुणी हात लावायचा, सगळं तिच्या गाण्यात. चाळीस वर्षांत तिने करंजाडे-वडघर पट्ट्यातली निम्मी लग्नं लावली होती. गावाभोवती सिडकोचे रस्ते आखले गेले, शेतांत इमारती उगवायला लागल्या, लग्नात डीजे आले, तरी धवला हौसाबाईचाच. साठीची, ठेंगणी, कपाळभर कुंकू, आणि तोंड असं की झोपेत तरी मिटत असेल का, अशी शंका यावी. तिला घेऊन तिचा नवरा तुळशीराम यायचा. तो तिच्या वाटणीचंही गप्प बसायचा.

हौसाबाईच्या मानेची उजवी बाजू, दुसऱ्या एका हॉस्पिटलात घातलेली नळी सडून, बाद झालेली होती. आता डावीकडे नळी होती. हातात शीर जोडण्याचं छोटं ऑपरेशन झालं होतं, त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगून सुया घेण्याजोगी व्हायला दोन महिने लागणार होते. डॉक्टर सबनीसांनी किशोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलाय त्यांना. हृदयाची एक झडप खराब आहे. या नळीतून जंतू रक्तात गेले तर ते जाऊन त्या झडपेवर बसतील, आणि मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. दोन महिने सांभाळ."

किशोरीने मान हलवली. पहिल्याच दिवशी तिने टोपणाला हात घातला, खोली गप्प झाली आणि हौसाबाई मास्कच्या आतून म्हणाली, "सिस्टर, तू कुठची गो? आवाजावरून आगरीच वाटतंस."

किशोरीने हात मागे घेतला. "मावशी, बोलायचं नाही."

"का? मना घशाचा रोग नाय, किडनीचा हाय."

कुणीतरी हसलं. किशोरीने नेहमीचं तिखट काढायला तोंड उघडलं होतं, पण का कोण जाणे, तिने वेगळंच विचारलं. "मावशी, तुम्ही धवला घालता तेव्हा नवरीच्या डोक्यावर अक्षता ठेवताना मधेच कुणी बोललं तर?"

"त्याच्या आईला बोलवीन मी," हौसाबाई म्हणाली. "विधी चालू असताना बोलाचा नसतो."

"मग हा माझा विधी आहे."

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. किशोरी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आली होती, हातमोजे चढवले होते, निर्जंतुक कापड पसरलं होतं, त्यावर गॉजचे तुकडे ओळीने मांडले होते. आपण पाटावर मांडतो तसंच मांडलंय, हे त्या म्हातारीच्या लक्षात आलं असावं. "बरा," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून टोपण उघडलं की ती मनातल्या मनात धवल्याचं एक कडवं म्हणायची. ओठ हलायचे नाहीत, पण पलंगाच्या कडेवर एक बोट ताल धरायचं.

तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली, म्हणजे तेव्हा किशोरीला ती गंमत वाटली नाही. सोमवार होता, एक नर्स रजेवर, बाहेर तीन पेशंट ताटकळत. किशोरीने हौसाबाईच्या नळीचं तोंड घासलं, गॉज टाकला आणि जोडायला घेणार तर पलंगावरचं बोट उठलं. बोट हलत राहिलं, नाही नाही असं. मग थांबलं. सगळं जोडून झाल्यावर, मास्क उतरवायची परवानगी मिळाल्यावर, हौसाबाई म्हणाली, "सिस्टर, आज तुजा हात लवकर उठला. माजा कडवा सरला नव्हता."

"मी मोजते मनात. पंधरा."

"मोजलं असशील. पन कडवा सरला नव्हता."

किशोरीला राग आला. चार वर्षं ती हे करत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने घड्याळ समोर ठेवलं, सकाळसारखंच घाईघाईने पंधरा अंक मोजले आणि बघितलं. नऊ सेकंद झाले होते. तिने परत मोजले. परत नऊ. डबा तसाच उघडा राहिला. म्हणजे घाईच्या प्रत्येक दिवशी, किती दिवस कुणास ठाऊक, तिचे पंधरा नऊच होते, आणि हे तिला ना डॉक्टरांनी सांगितलं ना भिंतीवरच्या घड्याळाने. सांगितलं ते अक्षरओळख नसलेल्या एका बाईने, जिने चाळीस वर्षं घाईतल्या वऱ्हाडाला न जुमानता कडवं पुरं केलं होतं. माणूस घाईत आपल्याच मोजणीला फसवतो, पण जन्मभर गायलेलं कडवं घाई करत नाही. पुढच्या खेपेला ती हौसाबाईजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, आजपासून तुमचं कडवं संपलं की बोट उचला. मग मी हात काढेन." हौसाबाईला वाटलं होतं आपल्याला बोलणी बसणार. तिने एवढंच म्हटलं, "बरा."

फेब्रुवारीच्या अखेरीस हौसाबाईच्या नातीचं, दिपिकाचं लग्न निघालं. शनिवारी हळद, रविवारी लग्न. आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. नवरीबरोबर मांडवातलं कुणीच कोरडं राहत नाही आणि कुणीच पांढरं राहत नाही. किशोरीने गुरुवारी हौसाबाईला समोर बसवून बजावलं. "गायला जा. पण बसायचं लांब. मानेला हळद नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही. ड्रेसिंग भिजलं तर बघा मग माझ्याशी गाठ आहे."

"नाय लागू देनार," हौसाबाई म्हणाली. तुळशीरामने मान हलवली. किशोरीचा आवाज खोलीभर गेला होता. रिक्षावाल्याने मुकाट्याने खिडकीबाहेर पाहिलं.

सोमवारी सकाळी दोघं वेळेवर आली. हौसाबाईचा घसा बसला होता, डोळे जाग्रणाने लाल, नखं पिवळी. लग्न कसं झालं विचारलं तर "बेस झाला" एवढंच. किशोरीला बरं वाटलं, कारण गळ्यावरचं ड्रेसिंग स्वच्छ होतं. पांढरंशुभ्र, चारी कडा चिकटलेल्या. तापही नव्हता. तिने वजन घेतलं, रक्तदाब घेतला. मग नळाखाली हात धरले. सावकाश, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगटं, कोपरापर्यंत, परत एकदा. पलंगावरून हौसाबाई ते बघत होती. हातमोजे चढले, मास्क चढले, पंखा थांबला, दार लागलं. किशोरीने नळीवरचे चिमटे तपासले आणि टोपण दोन बोटांत धरलं.

"उघडू नको."

खोलीतल्या बाकीच्या सहा पलंगांवरच्या माणसांनी माना वळवल्या. हौसाबाईच्या पहिल्या दिवसानंतर त्या क्षणाला कुणी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तुळशीराम दाराच्या काचेपलीकडे उभा होता. तो हाताने बायकोला काहीतरी खुणावत होता, गप्प राहा असं.

"उघडू नको, पोरी," हौसाबाई बसक्या आवाजात म्हणाली. "ही पट्टी तुजी नाय. जावयान काल मेडिकलमधून आणून लावली. खाली हलद हाय."

किशोरीने टोपण सोडलं. तिला जे वाटलं तो राग नव्हता. तिने पट्टीची एक कड उचलली. आत, नळी जिथे कातडीत शिरते तिथे, पिवळा ओला लेप होता, आणि भोवतीची कातडी लाल.

झालं होतं असं. शनिवारी मांडवात हौसाबाई खरंच लांब बसली होती. धवले गात होती. जात्यावर दळलेली हळद देवाला लावून झाली, नवरीला लावून झाली, आणि तिची नणंद गुणाबाई वाटी घेऊन उठली. धवलारणीला हळद लावल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. हौसाबाई मान आवरायला लागली तेव्हा गुणाबाईने मानेची पट्टी पाहिली. एवढी मोठी जखम, आणि हिला कुणी हळद लावली नाही? देवाला लावलेली, हौसाने स्वतः गात दळून घेतलेली हळद. याहून पवित्र आणि औषधी त्या घरात दुसरं काय होतं? तिने पट्टीची कड वर करून मायेने बोटभर हळद आत भरली. हौसाबाईचं कडवं चालू होतं. विधीच्या मधे बोलायचं नसतं, म्हणून ती थांबली नाही. कडवं संपेपर्यंत गुणाबाईचं काम झालं होतं, आणि मग वरून पाणीही उडालं. रविवारी रात्री तिथे खाजायला लागलं. तुळशीराम म्हणाला, सिस्टरला कळलं तर चारचौघांत सोलून काढील, आपण वरून नवीन पट्टी लावू. जावई मेडिकलमध्ये गेला.

किशोरीची स्वतःची आई मिठागरावरून यायची तेव्हा मिठाने चिरलेल्या टाचांना हळद-तेलच लावायची. हळद वाईट, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. हळद चांगलीच होती. फक्त ती ज्या जखमेत भरली होती तिचा तळ हृदयात होता, हे गुणाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. किशोरीने हौसाबाईला सांगितलं होतं, धमकावलं होतं. पण गुणाबाईला कोण सांगणार?

डॉक्टर सबनीस त्या दिवशी सुदैवाने खालीच होत्या. त्यांनी लाल कातडी पाहिली, जखमेतला आणि रक्ताचा नमुना तपासणीला घ्यायला लावला, आणि मग हौसाबाईचा हात हातात घेतला. फिस्टुलाची शीर बोटांखाली गुरगुरत होती. "पाच आठवडे झालेत," त्या म्हणाल्या. "मला आठ हवे होते. पण ही नळी आज उघडायची नाही, ती काढूनच टाकायची. सुया टाकून बघू. किशोरी, तू टाक."

सगळ्यांना कळत होतं. शीर कच्ची होती. सुई आरपार गेली, शीर फुटली, तर हातही गेला आणि मानही गेली. मग रक्त कुठून काढायचं हा प्रश्न होता. किशोरीने परत हात धुतले. तिने बोटाने शिरेचा अंदाज घेतला, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. बारीक सुई निवडली. खोली गप्प होती आणि या वेळी कुणाला गप्प करावं लागलं नव्हतं. सुई गेली. नळीत लाल भडक रक्त उसळून आलं. दुसरी सुई गेली. मशीन अगदी हळू लावलं, आणि ती हौसाबाईच्या हातावरचं कातडं बघत उभी राहिली, कुठे फुगतंय का. दहा मिनिटं. वीस मिनिटं. फुगलं नाही. पाच आठवड्यांच्या कोवळ्या शिरेने त्या म्हातारीचं सगळं रक्त बाहेर दिलं आणि परत घेतलं, दिलं आणि परत घेतलं, चार तास. किशोरी नऊ वर्षं हे बघत होती, तरी त्या दिवशी तिला पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं. तिला बसायला खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

संध्याकाळी मानेची नळी काढली. तिचं टोक कापून डबीत घालून तपासणीला गेलं.

तुळशीराम जिन्यात उभा होता. किशोरी घरी निघाली तेव्हा तो पायरीवरून बाजूला सरकला आणि खाली बघत म्हणाला, "सिस्टर, आमी तुला घाबरलो. म्हनून लपवला." तो एवढंच बोलला. त्यात तक्रार नव्हती, माफी मागण्याचाच सूर होता. किशोरी नवीन पनवेलला पोचेपर्यंत ते वाक्य तिच्या बरोबर होतं. इतकी वर्षं ती नाकातल्या, नखातल्या जंतूंच्या मागे लागली होती. आपल्या धाकाने माणसं जखम झाकून आणतील, वरून पांढरी पट्टी लावून आणतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आज टोपण उघडलं असतं तर पंखा बंद होता, दार बंद होतं, हात कोपरापर्यंत धुतलेले होते, आणि तरीही ती बाई मेली असती. किशोरीच्याच हातून.

गुरुवारी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी फोनवर वाचून दाखवले. रक्त स्वच्छ होतं. नळी कातडीत शिरते तिथे आणि नळीच्या कापलेल्या टोकावर, दोन्हीकडे जंतू वाढले होते, आणि ते साधेसुधे नव्हते. "सोमवारी त्या नळीतून रक्त फिरवलं असतं तर ते धुऊन थेट आत गेले असते," डॉक्टर म्हणाल्या. "मग झडप. त्या बोलल्या म्हणून."

हौसाबाई पलंगावर बसली होती. हातात सुया अजून टोचायच्या होत्या, आवाज परत आला होता आणि ती रिक्षावाल्याला लग्नातल्या जेवणाचं वर्णन सांगत होती. रिक्षावाला मन लावून ऐकत होता, त्याला मीठ वर्ज्य होतं. किशोरी जाऊन समोर उभी राहिली. तिने रिपोर्ट सांगितला. मग विचारलं, "मावशी, काकांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. पट्टी स्वच्छ होती, मला काही कळलं नसतं. का बोललात?"

हौसाबाईला असल्या प्रश्नांची सवय नव्हती. ती जरा अवघडली. "तू हात धूत व्हतीस," ती म्हणाली. "मी बघत व्हते. इतका वेल हात तर मीबी देवाला शिवायच्या आधी धूत नाय. माज्यासाठी कोनी इतकं हात धुतलं नाय कवा. आन् मी तुज्या हातात घान देतंय, हे मना बघवलं नाय." मग तिने जोडलं, "घाबरले व्हते मी. पन तुज्या बोलन्याला. तुज्या हाताला नाय."

खोलीत सगळे ऐकत होते. किशोरी घरत, जिला सगळं जुनं पनवेल टरकून होतं, भर खोलीत खाली वाकली आणि तिने त्या बाईच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. त्या पावलांवर अजून लग्नातल्या हळदीचा रंग होता. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

हौसाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाली, "झाला? आता उठ. पायाला हात लावलास ना? जा, हात धुऊन ये, मंग सुई टोच."

किशोरी उठली आणि नळाकडे गेली.